‘फेरिट’ : बिळाशी जडलेले एक इंग्रजी क्रियापद

इंग्रजी वाचताना अनोळखी शब्द आला की शब्दकोश उघडावा, पहिला मराठी प्रतिशब्द वहीत उतरून घ्यावा आणि पुढे जावे, ही सवय विद्यार्थ्यांना असते आणि पुष्कळदा शिक्षकांनाही असते. टेबल, पाणी, झाड अशा शब्दांच्या बाबतीत तिने फारसे बिघडत नाही. परंतु काही शब्द असे असतात की ज्यांच्या पाठीमागे एखादा प्राणी, एखादा धंदा किंवा एखादी जुनी रीत उभी असते. त्या शब्दांना एकच प्रतिशब्द चिकटविला म्हणजे शब्द पाठ होतो, अर्थ मात्र बाहेरच राहतो.

‘फेरिट’ हे क्रियापद अशा शब्दांपैकी आहे. प्राथमिक शाळेच्या पाठात ते क्वचितच येते. पण इंग्रजी वृत्तपत्रांत, गुप्तहेरांच्या कथांत आणि इतिहासाच्या पुस्तकांत ते भेटते. शब्दकोशात ‘शोधणे’, ‘शोधून काढणे’ असा अर्थ सापडतो आणि वाचकाचे तेवढ्यापुरते समाधान होते. वस्तुतः हा शब्द बिळाचा आहे. बीळ, त्यात दडलेला प्राणी आणि त्याला बाहेर काढणारा दुसरा प्राणी ही तिन्ही डोळ्यांसमोर आल्याखेरीज या क्रियापदाचे मर्म कळत नाही. सन २००० पासून महाराष्ट्रातील मराठी माध्यमाच्या शाळांतही पहिलीपासून इंग्रजी शिकविले जाते. तेव्हा इंग्रजी शब्दाचा अर्थ मुलाच्या अनुभवातून कसा उलगडावा, हा प्रश्न खेड्यातील प्रत्येक शिक्षकापुढे आहे. बिळांच्या बाबतीत तर खेड्यातील मुलाचा अनुभव शहरातील मुलाहून मोठा असतो. या लेखात त्या दृष्टीने प्रस्तुत क्रियापदाचा विचार केला आहे.

१. शब्दाचे रूप आणि उच्चार

हा शब्द एफ, ई, आर, आर, ई, टी अशा सहा अक्षरांनी लिहिला जातो. उच्चार ‘फेरिट’ असा असून आघात पहिल्या अवयवावर आहे. प्रथम तो एका प्राण्याचे नाव आहे आणि त्या नावावरूनच क्रियापद झाले आहे. भूतकाळी रूप ‘फेरिटेड’ आणि चालू क्रियेचे रूप ‘फेरिटिंग’.

या रूपांच्या लेखनात विद्यार्थी शेवटचा टी दोनदा लिहिण्याची चूक करतात. येथे एक सोपा नियम सांगता येतो. अशा दोन अवयवांच्या क्रियापदात आघात शेवटच्या अवयवावर असेल तर शेवटचे व्यंजन दुप्पट होते. आघात पहिल्या अवयवावर असेल तर ते एकेरीच राहते. ‘परमिट’ या क्रियापदात आघात शेवटी आहे, म्हणून ‘परमिटेड’ लिहिताना दोन टी येतात. ‘व्हिजिट’ या शब्दात आघात आरंभी आहे, म्हणून ‘व्हिजिटेड’ लिहिताना एकच टी येतो. ‘फेरिट’ हा ‘व्हिजिट’च्या पंक्तीतला शब्द आहे.

कापडाच्या किंवा रेशमाच्या अरुंद फितीलाही इंग्रजीत जुन्या काळी ‘फेरिट’ म्हणत. तो शब्द इटालियन भाषेतून आलेला, निराळ्या कुळातील आहे. लेखन एकच असले तरी त्याचा या प्राण्याशी संबंध नाही.

२. ससा आणि रॅबिट

प्रत्यक्ष अर्थाकडे वळण्यापूर्वी एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. इंग्रजी पुस्तकांतील ‘रॅबिट’ या शब्दासाठी आपण सर्रास ‘ससा’ हा शब्द वापरतो. मग पुस्तकातील चित्रात ससा बिळातून डोके काढताना दिसतो आणि शिक्षक सांगतात, “ससा बिळात राहतो.” अशा वेळी माळावर गुरे चारणारा एखादा मुलगा उठून म्हणेल, “गुरुजी, ससा बिळात राहत नाही. तो गवतात दबून बसतो.” त्या मुलाला पुस्तक दाखवून गप्प बसविले जाण्याचा संभव असतो. वास्तविक मुलाचे म्हणणे खरे आहे.

आपल्या माळरानावरील ससा हा इंग्रजीत ‘हेअर’ या नावाने ओळखला जातो. तो बीळ करीत नाही. गवतात किंवा झुडपाच्या आडोशाला अंगाच्या आकाराएवढा उथळ खळगा करून तो त्यात दबून बसतो आणि संकट अगदी जवळ आले म्हणजे उसळी मारून पळतो. त्याचा भरवसा पायांवर असतो. त्याची पिल्ले जन्मतःच केसाळ व उघड्या डोळ्यांची असतात, कारण त्यांना उघड्यावर वाढावयाचे असते.

रॅबिट हा वेगळा प्राणी आहे. त्याची मूळ भूमी स्पेन व पोर्तुगाल यांच्या परिसरातील होय. तो कळपाने राहतो आणि जमिनीखाली बिळांचे जाळे तयार करतो. या जाळ्याला अनेक तोंडे असतात. त्याची पिल्ले जन्मतः उघडी आणि मिटल्या डोळ्यांची असतात. बिळाची ऊब आणि अंधार हेच त्यांचे संरक्षण. भारताच्या रानात रॅबिट आढळत नाही. घरी किंवा शाळेत पिंजऱ्यात पाळला जाणारा पांढरा ‘ससा’ मात्र त्या युरोपीय रॅबिटाच्या वंशातील आहे. त्याला मोकळ्या मातीत सोडले असता तो उकरू लागतो, हे ज्यांनी पाहिले असेल त्यांना या भेदाचे कारण लक्षात येईल.

तेव्हा माळावरचा ससा पाहिलेला मुलगा आणि पुस्तकातील चित्र ही दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. चूक आहे ती एकाच प्रतिशब्दाने दोन प्राण्यांना झाकण्याची. ‘फेरिट’ या क्रियापदाचा संबंध बिळात राहणाऱ्या रॅबिटाशी आहे, म्हणून पुढे रॅबिट हाच शब्द वापरला आहे.

३. बिळातील शिकार

फेरिट हा लांबोडक्या, सडपातळ अंगाचा, आखूड पायांचा मांसाहारी पाळीव प्राणी आहे. शेपटीसह त्याची लांबी सुमारे दीड फूट भरते. युरोपातील पोलकॅट नावाच्या रानटी प्राण्यापासून माणसाने तो माणसाळविला. दिसण्यात त्याला पाहून आपल्याला मुंगसाची आठवण होईल. परंतु मुंगसाचे कुळ निराळे. फेरिट हा पाणमांजराच्या कुळातला आहे. त्याच्या अंगाची ठेवणच अशी की जेथे रॅबिट शिरेल तेथे तोही शिरू शकतो.

या गुणाचा उपयोग शिकारी पुढीलप्रमाणे करतात. इंग्लंडात ही शिकार मुख्यतः हिवाळ्यात होते. त्या वेळी झाडोरा विरळ झालेला असतो, बिळांची तोंडे स्पष्ट दिसतात आणि बिळात लहान पिल्ले सहसा नसतात. शिकारी पाय न वाजविता बिळांजवळ येतात, कारण वरच्या पावलांची धमक खाली रॅबिटांना जाणवते. प्रत्येक तोंडावर एक लहान जाळे पसरून खुंटीने पक्के करतात. जाळ्याला ओवलेली दोरी अशी असते की रॅबिट येऊन आदळताच जाळे पिशवीसारखे आवळले जावे. सर्व तोंडे झाकली म्हणजे एका तोंडातून फेरिट आत सोडतात. एखादे तोंड नजरेतून सुटले तर सर्व श्रम फुकट जातात, कारण रॅबिट नेमके तेथूनच पळते.

मग वर सर्व स्तब्ध होते. खाली फेरिट एकेक बोगदा हुंगत पुढे सरकतो. काही वेळाने जमिनीखालून दडदड ऐकू येते आणि एखादे रॅबिट बाणासारखे बाहेर येऊन जाळ्यात सापडते. येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. फेरिटाने रॅबिट पकडावे अशी शिकाऱ्याची इच्छा नसते. त्याने ते बाहेर हुसकावे, एवढेच त्याचे काम. तो आतच रॅबिट मारून खाऊ लागला तर पोट भरल्यावर तेथेच झोपी जातो आणि मालकाला कुदळ घेऊन जमीन खणत बसावे लागते. हे टाळण्यासाठी पूर्वी फेरिटाच्या तोंडाला मुसके बांधीत, गळ्यात घुंगरू घालीत किंवा त्याला लांब दोरी लावीत. आता त्याच्या गळपट्ट्यात लहान रेडिओ-यंत्र बसवितात. त्यावरून तो जमिनीखाली कोठे व किती खोल आहे हे वर समजते.

ही रीत फार प्राचीन आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील दोन लेखकांनी तिचे वर्णन केले आहे. भूगोलकार स्ट्रेबो याने स्पेनच्या वर्णनात मुसके बांधून बिळात सोडल्या जाणाऱ्या अशा प्राण्यांचा उल्लेख केला आहे. त्यांच्या भयाने रॅबिटे वर पळतात आणि वर उभी असलेली माणसे ती पकडतात, असे तो सांगतो. रोमन लेखक प्लिनी यानेही हीच रीत वर्णिली आहे. स्पेनजवळच्या बॅलिआरिक बेटांवर रॅबिटांनी पिकांचा एवढा नाश केला की तेथील लोकांनी सम्राट ऑगस्टस याच्याकडे सैन्याची मदत मागितली, अशी हकीकत त्याने नोंदविली आहे. या लेखकांनी वर्णिलेला प्राणी फेरिटच असावा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्यावरून निदान दोन हजार वर्षे हा लहानसा प्राणी माणसाच्या चाकरीत असल्याचे दिसते. उंदीर-घुशींनी पोखरलेले शेताचे बांध ज्यांनी पाहिले आहेत, त्या शेतकऱ्यांना त्या बेटवासीयांची तक्रार समजावून सांगण्याची गरज नाही.

४. नावाचा उगम

फेरिट या नावाचा अर्थ ‘लहानगा चोर’ असा आहे. लॅटिन भाषेत ‘फुर’ म्हणजे चोर. त्यावरून फ्रेंच भाषेत या प्राण्याचे नाव तयार झाले आणि तेथून ते इंग्रजीत आले. इंग्रजीत चोरट्या नजरेला किंवा चोरट्या हालचालीला ‘फर्टिव्ह’ हे विशेषण लावतात. ते याच मुळापासून निघालेले आहे.

या ठिकाणी आपल्याकडील एका शब्दाची आठवण होते. संस्कृतात उंदराला ‘मूषक’ म्हणतात आणि तो शब्द परंपरेने ‘मुष्’ म्हणजे चोरणे या धातूशी जोडला जातो. तिकडे बिळात शिरणारा चोर ठरला, इकडे बिळात राहणारा. दोन्ही नावे बिळाच्या आणि चोरीच्या जवळिकेवरून पडलेली आहेत.

खुद्द रॅबिटाचे लॅटिन नावही बोधप्रद आहे. ‘कुनिकुलुस’ या लॅटिन शब्दाचा एक अर्थ रॅबिट आणि दुसरा अर्थ भुयार असा होतो. शत्रूच्या तटाखालून सैनिक जे भुयार खणीत, त्यालाही हाच शब्द होता. प्राणी आणि त्याचे बीळ यांची लोकांच्या मनात कशी सांगड बसली होती, हे यावरून दिसते.

इंग्लंडात रॅबिट मोठ्या प्रमाणावर आले ते १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी तो देश जिंकल्यानंतर. मांसासाठी व कातड्यासाठी ते राखीव जागेत पाळले जात. या जागेला ‘वॉरन’ म्हणत. रॅबिट आले, त्यांच्यामागोमाग फेरिट आला आणि फेरिटाचे नाव भाषेत रुळले. चौदाव्या शतकाच्या अखेरीस हे नाव इंग्रजीत आढळते. पंधराव्या शतकात त्याचे क्रियापद झाले. त्यानंतर बिळातील रॅबिटाच्या जागी मनातील गुपित आले आणि शब्दाचा वापर शिकारीच्या बाहेर पसरला.

५. क्रियापदाचा अर्थ आणि उपयोग

या क्रियापदाचे तीन उपयोग आहेत.

पहिला उपयोग मूळ अर्थाचा : फेरिट घेऊन रॅबिटांची शिकार करणे. ‘दे वेंट फेरिटिंग’ म्हणजे ते फेरिट घेऊन शिकारीला गेले. शिकारीच्या वर्णनाबाहेर हा उपयोग आढळत नाही.

दुसरा उपयोग ‘फेरिट आउट’ असा जोडीचा. लपविलेली, दडलेली किंवा दडपलेली गोष्ट चिकाटीने शोधून उजेडात आणणे, हा त्याचा अर्थ. ‘शी फेरिटेड आउट द ट्रूथ’ म्हणजे तिने खऱ्या गोष्टीचा छडा लावला. हाच उपयोग सर्वांत अधिक प्रचलित आहे.

तिसरा उपयोग ‘फेरिट अबाउट’ किंवा ‘फेरिट अराउंड’ असा. पेटी, खण, कपाट, कागदांचा ढीग यांत हात घालून उचकापाचक करणे, असा त्याचा अर्थ आहे. ‘ही फेरिटेड अबाउट इन द बॉक्स’ म्हणजे त्याने पेटीत उचकापाचक केली. येथे वस्तू सापडलीच असे नाही. शोधण्याची धडपड तेवढी सांगितली आहे.

दुसऱ्या उपयोगातील ‘आउट’ हा शब्द शोभेचा नाही. शिकारीत फेरिटाचे काम रॅबिट बाहेर काढणे हे होते, हे वर सांगितलेच आहे. ‘आउट’ या शब्दात ते बिळाचे तोंड शिल्लक राहिले आहे. म्हणून हे क्रियापद वापरताना तीन अटी पाहाव्यात. पहिली, वस्तू दडलेली असावी. दुसरी, शोध हेतुपूर्वक व चिकाटीने केलेला असावा. तिसरी, शेवटी ती वस्तू उजेडात आलेली असावी. वाटेत पडलेले नाणे सहज दिसले तर तेथे हे क्रियापद चालत नाही. तेथे ‘फाइंड’ हाच शब्द हवा.

व्याकरणाची एक बाब शिक्षकांनी सांगावी. कर्म नाम असेल तर ते ‘आउट’नंतर येऊ शकते : ‘फेरिट आउट द सीक्रेट’. परंतु कर्म सर्वनाम असेल तर ते मध्येच आले पाहिजे : ‘फेरिट इट आउट’. ‘फेरिट आउट इट’ ही रचना अशुद्ध होय.

शब्दाला एक छटाही आहे. त्यात चिकाटीचे कौतुक असते, पण थोडा चोरटेपणाचा व दुसऱ्याच्या घरात नाक खुपसण्याचा वासही असतो. ती छटा प्रसंगाने ठरते. कोणी शेजाऱ्याच्या खाजगी गोष्टी ‘फेरिट आउट’ केल्या, तर ती निंदा आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी गावोगाव हिंडून जुन्या घराण्यांच्या दप्तरांतून कागद मिळविले आणि १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचे खंड प्रसिद्ध केले. माळ्यावर, पेटाऱ्यात, वाळवीच्या तोंडी पडलेले ते कागद त्यांनी ‘फेरिट आउट’ केले असे इंग्रजीत म्हटले, तर तो गौरव आहे. बीळ तेच, अंधार तोच. आत शिरण्याचा हेतू मात्र निराळा.

६. मराठीतील प्रतिशब्द

या क्रियापदाला मराठीत एकच एक प्रतिशब्द नाही. मात्र वेगवेगळ्या प्रसंगी चालतील असे अनेक नेमके शब्द मराठीत आहेत.

‘शोधणे’ हा शब्द फार व्यापक आहे. त्यात वस्तू मिळालीच असा अर्थ नाही आणि ती दडलेली होती असाही नाही. ‘हुडकून काढणे’ हा ‘फेरिट आउट’ला सर्वांत जवळचा शब्द होय, त्यात शोधही आहे आणि बाहेर काढणेही आहे. चोरी, कट, खरी हकीकत यांविषयी बोलताना ‘छडा लावणे’ अधिक शोभते. पेटीत किंवा खणात हात घालण्याविषयी ‘धुंडाळणे’ किंवा ‘उचकापाचक करणे’ हे शब्द आहेत. ‘उकरून काढणे’ हा शब्द मातीचा आणि म्हणून बिळाजवळचा असला, तरी मराठीत त्याला मिटलेले भांडण पुन्हा वर काढण्याचा अर्थ चिकटला आहे. तो जपून वापरावा.

प्रत्यक्ष शिकारीच्या अर्थी ‘बिळात फेरिट सोडून रॅबिटे हुसकणे’ असे सरळ सांगावे. ती रीतच आपल्याकडे नसल्यामुळे एका शब्दाचा हट्ट धरू नये. आपल्याकडे शेतकरी उंदीर-घुशींना बिळात धुरी देऊन किंवा पाणी ओतून बाहेर काढतात. तेथे धूर किंवा पाणी जे काम करते, तेच काम तेथे फेरिट करतो, एवढे सांगितले म्हणजे मुलांना पुरते. उंदरांच्या बिळात शिरणारी धामणही मुलांच्या परिचयाची असते. पण धामण स्वतःच्या पोटासाठी शिरते. फेरिट धन्याच्या कामासाठी पाठविला जातो. ‘आयत्या बिळात नागोबा’ या म्हणीतला नागोबा तर आत शिरून मालकच होऊन बसतो. तीन प्राण्यांचा हा फरक मुलांना मोठा गमतीचा वाटेल आणि तेवढ्याने शब्दाचा अर्थही ठसेल.

प्राण्याच्या नावाचे क्रियापद कसे होते, अशी शंका मुले घेतील. मराठीत नामापासून झालेले धातू आहेत : हात यावरून हाताळणे, लाथ यावरून लाथाडणे. प्राण्यांच्या नावांवरून मात्र मराठी असे धातू सहसा करीत नाही. ‘कुत्र्यासारखा माग काढणे’ असे उपमेने सांगते. इंग्रजी तीच उपमा गिळून नामाचेच क्रियापद करते. कुत्रा या अर्थाचा ‘डॉग’ क्रियापद झाला की अर्थ होतो पिच्छा पुरविणे. वानर या अर्थाचा ‘एप’ क्रियापद झाला की अर्थ होतो नक्कल करणे. ‘फेरिट’ याच रीतीचा आहे.

७. बिळाच्या परिसरातील इतर क्रियापदे

‘बरो’ म्हणजे बीळ आणि बीळ करणे किंवा पोखरणे. हा शब्द उसने घेणे या अर्थाच्या ‘बॉरो’पासून कटाक्षाने वेगळा दाखवावा. पहिल्यात बी अक्षरानंतर यू आहे, दुसऱ्यात ओ. ‘रॅबिटाने बीळ केले’ याऐवजी ‘रॅबिटाने उसने घेतले’ असा अर्थ करणारे विद्यार्थी पुष्कळ आढळतील.

‘अर्थ’ म्हणजे पृथ्वी किंवा माती, हे सर्वांस ठाऊक असते. पण कोल्ह्याच्या बिळालाही इंग्रजीत ‘अर्थ’ म्हणतात. म्हणून ‘गो टू अर्थ’ म्हणजे दडी मारणे आणि ‘रन टू अर्थ’ म्हणजे पाठलाग करीत लपलेल्या ठिकाणापर्यंत जाऊन गाठणे. येथे पृथ्वीवर जाणे असे भाषांतर केले तर अनर्थ होईल.

‘अनअर्थ’ म्हणजे जमिनीतून वर काढणे. त्यावरून अज्ञात गोष्ट उजेडात आणणे. ‘फेरिट आउट’ आणि ‘अनअर्थ’ यांत सूक्ष्म भेद आहे. नांगराच्या फाळाला अचानक जुन्या नाण्यांचा हंडा लागला तरी ‘अनअर्थ’ चालते. ‘फेरिट आउट’ला मात्र शोधणाऱ्याचा हेतू लागतो.

‘बोल्ट’ या शब्दाचा कडी लावणे हा अर्थ मुले शिकतात. भेदरलेले रॅबिट बिळातून एकदम उधळते, त्या क्रियेलाही ‘बोल्ट’ म्हणतात. संकटकाळी निसटण्यासाठी राखून ठेवलेल्या जागेला ‘बोल्टहोल’ म्हणण्याची पद्धत यातूनच आली.

८. वर्गातील योजना

वरच्या वर्गांत हा शब्द शिकवावयाचा झाल्यास एक तासिका पुरेशी आहे. आरंभी इंग्रजी शब्द फळ्यावर लिहू नये. प्रथम मुलांना गावच्या बिळांविषयी विचारावे. शेताच्या बांधावर कोणाकोणाची बिळे असतात? बीळ करतो कोण आणि त्यात आयता राहतो कोण? एका बिळाला किती तोंडे असतात व ती कशासाठी? मुले बोलीतील शब्द वापरतील. ते अशुद्ध म्हणून खोडू नयेत, फळ्याच्या एका बाजूस लिहून घ्यावेत. वर्गात मागे पडणारी काही मुले या विषयात पुढे आलेली दिसतील. त्यांना बोलू द्यावे.

नंतर फळ्यावर जमिनीचा छेद काढून पाच तोंडांचे बीळ दाखवावे. चार तोंडांवर जाळी रेखाटावीत, पाचवे मोकळे ठेवावे आणि विचारावे, “आता रॅबिट कोठून पळेल?” उत्तर आले की त्या तोंडावरही जाळे काढावे, एका जाळ्याची कड उचलून तेथून फेरिट आत सोडावा आणि मग प्रथमच शब्द उच्चारावा. तो मुलांकडून तीन-चार वेळा म्हणवून घ्यावा.

तिसऱ्या टप्प्यात बिळाच्या जागी दुसरे काही ठेवावे. आजोबांच्या पेटीतील जुने पत्र, गावच्या विहिरीचा जुना इतिहास, हरवलेल्या कुदळीची खरी हकीकत. यांपैकी कोणत्या ठिकाणी ‘शोधणे’, कोणत्या ठिकाणी ‘सापडणे’ आणि कोणत्या ठिकाणी ‘हुडकून काढणे’ योग्य होईल, हे मुलांनी ठरवावे. जेथे ‘हुडकून काढणे’ येईल तेथे ‘फेरिट आउट’ येईल. शेवटी प्रत्येकाने एक वाक्य रचावे.

बिळे पाहण्यास मुलांना शिवारात नेल्यास बिळात हात किंवा काठी घालू देऊ नये. आत साप असण्याचा संभव असतो. दुरून तोंडे मोजणे, बाहेर पडलेली ताजी माती व पावलांचे ठसे पाहणे एवढे निरीक्षण पुरे.

माळावरचा ससा बिळात राहत नाही असे सांगणारा मुलगा या पाठाच्या वेळी वर्गात असला, तर त्याला फळ्याजवळ बोलवावे आणि सशाची बसण्याची जागा चित्रात काढावयास सांगावी. एका बाजूस त्याचा ससा गवतात, दुसऱ्या बाजूस पुस्तकातील रॅबिट बिळात. दोन्ही चित्रे समोरासमोर आली की वर्गाला दोन प्राणी कळतील आणि ‘हेअर’ व ‘रॅबिट’ हे दोन इंग्रजी शब्दही कायमचे लक्षात राहतील. आपण माळावर डोळ्यांनी पाहिलेले खरे आहे आणि त्याला शाळेत जागा आहे, हे त्या मुलाला त्याच तासात कळेल. पुढच्या वेळी पुस्तकात काही पटले नाही तर तो पुन्हा उठून विचारील. तसे विचारणारे मूल वर्गात असणे, हे भाषा शिकविणाऱ्या शिक्षकाला कोणत्याही शब्दकोशाइतकेच उपयोगाचे आहे.